कॅसेटची पेटी आणि तिकिटाएवढे कार्ड

जालना रस्त्यालगतच्या मुकुंदवाडीत एका अंगाला सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याचे कारखाने आणि मध्ये लहानसे रेल्वे स्थानक आहे. नोकरीधंद्याच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरात येऊन स्थिरावलेल्या कितीतरी कुटुंबांनी येथेच घरे बांधली, मुलांची लग्ने केली आणि त्या लग्नांची चित्रणेही करून घेतली. अशा घरातील लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात बहुधा एक पेटी असते. थोरल्याच्या लग्नाची जाड व्हीएचएस कॅसेट, धाकटीच्या लग्नाच्या काडेपेटीहून थोड्या मोठ्या मिनी-डीव्ही कॅसेट आणि नातवाच्या बारशाची चकती, असा तिचा ऐवज. चकतीनंतर मात्र पेटीत काहीच पडलेले नसते. समारंभ थांबलेले नाहीत, चित्रणही थांबलेले नाही. पेटीत ठेवण्याजोगी वस्तू तेवढी घरी येईनाशी झाली.

मिनी-डीव्ही कॅसेट १९९५ साली बाजारात आली. तिच्यातील चुंबकीय फीत सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि तीवर साधारण एक तासाचे चित्रण मावे. आपल्याकडच्या लग्नमंडपांत पॅनासॉनिकचा एमडी १०००० हा खांद्यावरचा कॅमेरा अनेकांना आठवत असेल. तो याच फितीवर चाले. फिरत्या दंडगोलावरील टोके फितीवर चित्र उमटवीत आणि तो दंडगोल मिनिटाला सुमारे ९,००० फेरे घेई. मराठवाड्यातील उन्हाळी धुळीचा एखादा कण तेथे शिरला, की चित्रात चौकोनी ठिगळे दिसू लागत. व्हिडिओवाल्याच्या पिशवीत टोके साफ करण्याची वेगळी कॅसेट असे, ती त्यासाठीच. भर मंगलाष्टकांत फीत संपण्याचे भयही होतेच. अनुभवी माणूस मुहूर्ताच्या आधीच, अर्धी फीत शिल्लक असली तरी, नवी कॅसेट भरून ठेवी.

२००३ मध्ये त्याच लहान कॅसेटवर उच्च दर्जाचे, म्हणजे एचडी चित्रण करण्याची एचडीव्ही पद्धत जाहीर झाली. पण फितीचे दिवस भरत आले होते. तोशिबातील फुजियो मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेली फ्लॅश स्मृती तोवर स्वस्त होऊ लागली होती आणि १९९९ मध्ये आलेले एसडी कार्ड छायाचित्रांच्या कॅमेऱ्यात रुळले होते. पॅनासॉनिकने २००४ मध्ये व्यावसायिकांसाठी पी-टू कार्डे आणली. त्यांतील ४ जीबीच्या कार्डावर फितीच्या दर्जाचे चित्रण पाव तासाच्या आसपास मावे. एवढ्यात तर वरातीचा घोडाही मंडपापर्यंत पोहोचत नाही. अडचण सुटली ती २००६ मध्ये. त्या वर्षी सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी ही पद्धत पुढे आणली. तिच्यात चित्र अधिक घट्ट आवळून साठवले जाते, त्यामुळे १६ जीबीच्या कार्डावर चांगल्या दर्जाचे सुमारे दोन तास सहज बसतात. त्याच वर्षी ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांचेही मानक ठरले. पुढे सोनीच्या एमसी २५०० सारखे खांद्यावरचे कार्ड-कॅमेरे आले आणि फीत मंडपातून गेली. मोठ्या वाहिन्यांनाही २०११ मध्ये धक्का बसला. जपानातील त्सुनामीत सोनीचा फिती बनविणारा कारखाना बंद पडला, उच्च प्रतीच्या फितींची टंचाई झाली आणि फाइलींकडे वळण्याची गती सगळीकडेच वाढली.

या बदलाचे फायदे खरे आहेत. कार्डात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून धुळीने अडण्यासारखे किंवा फीत गुंतण्यासारखे काही उरले नाही. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवायला तासच लागे. कार्ड काही मिनिटांत रिकामे होते. नेमका हा शेवटचा शब्दच कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

कॅसेट एकदा चित्रित झाली, की तीच मूळ प्रत ठरे. एका कॅसेटची किंमत फार नसे, तीवर दुसरे लग्न चित्रित करण्याचा मोह कोणी सहसा करीत नसे, आणि मागितल्यास ती घरी मिळे. आळसानेच का होईना, मूळ चित्रण टिके. कार्डाचे तसे नाही. ते महाग, आणि पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच बनविलेले. आज मुकुंदवाडीतील लग्न, परवा जालन्यातील वास्तुशांत. मधल्या रात्री कार्डातील माल संगणकात ओतला जातो आणि कार्ड पुसले जाते. संगणकाची तबकडी भरली, की तीतील जुने कामही पुसले जाते. यात व्हिडिओवाल्याचा दोष मानणे न्यायाचे नाही. शंभर घरांचे कच्चे चित्रण वर्षानुवर्षे जपण्याची जबाबदारी त्याने घेतलेली नसते आणि कोणी त्याला त्याचे मोलही दिलेले नसते.

मग घरी काय आले? बहुतेक घरी डीव्हीडी आली, आणि येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. साध्या डीव्हीडीवरील चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके मावतात. हे प्रमाण बरोबर एक पंचमांश भरते. एचडी कॅमेऱ्याचे पैसे मोजले, चित्रणही तसेच झाले, पण हाती आलेल्या चकतीत पाचातील चार भाग गळालेले. आजच्या मोठ्या पडद्यावर आजीचा चेहरा धूसर दिसतो, त्याचे कारण कॅमेऱ्यात नव्हते. शिवाय संकलनात तिचे बोलणे काढून तेथे चित्रपटगीत घातलेले असते. घरच्यांना वीस वर्षांनी हवा असतो तो तिचा आवाज, आणि तो फक्त कच्च्या चित्रणातच असतो.

म्हणून बोलणी करतानाच सांगावे: संकलित चित्रफितीबरोबर कच्चे चित्रणही हवे, आणि ते घरच्या हार्ड डिस्कवर. देताना संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे घ्यावे. एव्हीसीएचडी कॅमेरा सलग दीर्घ चित्रणाचे स्वतःच तुकडे पाडतो. ‘एमटीएस’ नावाचे सुटे तुकडे तेवढे उचलले, तर दोन तुकड्यांच्या सांध्यावर क्षणभराचे चित्र किंवा आवाज गळण्याचा संभव राहतो. चुकून कार्ड पुसले गेले, तर घाबरून त्यावर काही चित्रित करून पाहू नये. पुसताना बहुधा केवळ अनुक्रमणिका जाते, मजकूर जागेवर असतो. नवे काही लिहिले गेले, की मात्र तो खरोखर जातो. कार्ड ताबडतोब काढून जाणकाराकडे द्यावे.

कार्डच विकत घेऊन पेटीत ठेवावे, असे काहींना वाटते. तो उपाय अपुरा आहे. फ्लॅश स्मृतीत माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युत्‌भार. विजेविना पडून राहिल्यास तो वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो. कार्ड वाहून नेण्याचे साधन आहे, जपणुकीचे नव्हे. जपणूक होते ती नकलेने. मूडबिद्री येथील धवलेची ताडपत्रे शतकानुशतके एका ठिकाणी बंद होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची नक्कल सुरू झाली, आणि त्या नकलांच्या आधारेच डॉ. हिरालाल जैन यांना अमरावतीहून १९३९ मध्ये पहिला खंड छापून काढता आला. घरच्या चित्रणालाही निदान दोन निरनिराळ्या डिस्क हव्यात आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी. चार-पाच वर्षांनी ते सारे नव्या डिस्कवर उतरवावे.

पेटीतील जुन्या कॅसेटचे काम अधिक घाईचे आहे. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जपानी फुनाई कंपनीने ते उत्पादन जुलै २०१६ मध्ये थांबविले. मिनी-डीव्हीची फीत शाबूत असली, तरी ती चालविणारा कॅमेरा आणि संगणकाला जोडणारी फायरवायरची जागा दोन्ही दुर्मिळ होत आहेत. पावसाळी दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरली असल्यास ती घरी चालवून पाहू नये, यंत्र आणि फीत दोन्ही बिघडतात. कॅसेटवर कोणता प्रसंग, कोणते साल, कोण कोण दिसते, हे लिहून ठेवायला मात्र कोणतेही यंत्र लागत नाही. ते सांगू शकणारे वडीलधारे घरात असतील, तर ते काम याच दिवाळीच्या सुट्टीत करून घ्यावे.