आधी सुई, मग स्पीकर

वडीलधाऱ्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या रेकॉर्डी आजही कित्येक घरांत ट्रंकेत पडून आहेत. त्या पुन्हा ऐकाव्याशा वाटतात, पण खिसा बेताचा. मग पैसा कुठे घालावा?

पहिला खर्च सुईवर. पेटीवजा स्वस्त प्लेयरची सुई रेकॉर्डवर बहुधा 5 ग्रॅमच्या आसपास भार टाकते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला साधारण 2 ते 3 ग्रॅम पुरतात. झिजलेली सुई खाच खरवडते, आणि ती खाच पुन्हा भरून येत नाही. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला जाड टोकाची वेगळी सुई लागते, आणि प्लेयरवर 78 चा वेगही हवा. हे दुकानातच तपासावे.

अ‍ॅम्प्लिफायर जुना चालेल. मात्र त्याला 'फोनो' जोडणी हवी, नाहीतर प्लेयरमध्येच प्रीअ‍ॅम्प हवा. एरवी आवाज अगदी बारीक येतो. स्पीकर सवडीने, पुढच्या बोनसला घ्यावेत.

लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. आणि सुई तपासल्याशिवाय ट्रंकेतली एकही रेकॉर्ड लावू नये, ही कळकळीची विनंती.