टेप कोणाची? ग्रेटफुल डेड, त्यांचे रसिक आणि २००५ चा तंटा

१/ नोव्हेंबर २००५ च्या अखेरीस ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडच्या हजारो मैफलींची ध्वनिमुद्रणे इंटरनेट आर्काइव्हवरून डाउनलोड करण्याची सोय एकाएकी बंद झाली. निर्णय बँडच्याच बाजूने आला होता. ज्यांनी वर्षानुवर्षे या बँडची तिकिटे काढली, तेच रसिक बहिष्काराची भाषा बोलू लागले. फुकट्यांचा आरडाओरडा म्हणून हे प्रकरण सोडून देता येईल. मला ते पटत नाही. कारणे या थ्रेडमध्ये.

२/ आधी पार्श्वभूमी. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या बँडने तीस वर्षांत सुमारे २,३०० मैफली केल्या. गाण्यांचा क्रम दर मैफलीत निराळा. एखादे गाणे आज थोडक्यात आटोपे, तेच उद्या दुप्पट लांबे. स्टुडिओतल्या तबकडीत हे मावणारे नव्हते. प्रत्येक मैफल जपून ठेवावी असे रसिकांना वाटले, ते यामुळेच.

३/ सुरुवातीला लोक मायक्रोफोन लपवून नेत. १९७० च्या दशकात टेपांची देवघेव करणारी मंडळे उभी राहिली. कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. पलीकडचा अनोळखी माणूस त्यांवर मैफल उतरवून परत पाठवी. नियम एकच, पण कडक: विक्री करायची नाही. टेप विकणारा या वर्तुळात तुच्छ मानला जाई.

४/ पुढे सभागृहात मायक्रोफोनच्या काठ्यांचे असे रान माजले की ध्वनियंत्रकाला रंगमंच दिसेना. या लोकांना हाकलावे की जागा द्यावी? ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली येथे बँडने ध्वनियंत्रणाच्या टेबलामागे मुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र विभाग आखला आणि त्याची तिकिटेही वेगळी काढली. एकदा वाजवून झाले की संगीत श्रोत्यांचे, अशी प्रमुख गिटारवादक जेरी गार्सियाची भूमिका होती.

५/ हे निव्वळ औदार्य होते का? नाही. बँडची मुख्य मिळकत तिकिटांची होती आणि हातोहात फिरणारी प्रत्येक कॅसेट नवा श्रोता आणत होती. अमेरिकेतील पहिल्या दहांत पोहोचलेले त्यांचे गाणे एकच, तेही १९८७ मधले. तरी १९९० च्या दशकाच्या आरंभी दौऱ्यांवर सर्वाधिक कमावणाऱ्या बँडांत त्यांची गणना होई. बँडचे एक गीतकार जॉन पेरी बार्लो यांनी १९९४ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात डिजिटल युगातील मालकीवर लेख लिहिला, तेव्हा हाच अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

६/ मग गणित बिघडले. ९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सिया गेला आणि त्याच वर्षअखेर बँड विसर्जित झाला. तिकीटविक्री थांबली. आजवर जी टेप जाहिरात होती, तीच आता विकण्याजोगा माल ठरली. त्यातच इंटरनेटवर प्रत काढायला ना कोरी कॅसेट लागे, ना टपाल. बँडची चिंता खोटी नव्हती. तिला लोभ म्हणून मोकळे होणारे रसिक मला अन्यायी वाटतात.

७/ तरीही रसिकांचा राग समजून घ्यायला एका इतिहासकाराची मदत होते. १९७१ मध्ये ई. पी. थॉम्पसन यांनी अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या धान्यदंगलींवर निबंध लिहिला. त्यांनी दाखवले की तो जमाव अनेकदा लूट करीत नसे. धान्य ‘रास्त’ भावाने विकून पैसे मालकाच्या हाती ठेवी. त्याचा संताप मोडलेल्या रूढीविषयी होता. थॉम्पसन याला ‘नैतिक अर्थव्यवस्था’ म्हणतात.

८/ २००५ चे रसिक मला त्या जमावाचे दूरचे वारस वाटतात. उपासमार आणि छंद यांची तुलना होत नाही, हे मान्य. पण तक्रारीची घडण तीच आहे. विक्री न करण्याचा नियम त्यांनी स्वतः पाळला, बँडची अधिकृत मुद्रणेही विकत घेतली. वीस वर्षे उघडपणे चालू दिलेली प्रथा एका रात्रीत आणि न विचारता मोडली गेली, हे त्यांचे दुःख होते. बँडचा बासवादक फिल लेश यानेही या निर्णयात आपला सहभाग नव्हता, असे जाहीर केले.

९/ आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा मुख्य मुद्दा. बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी १९७० च्या दशकात अनेक मैफली उत्तम दर्जाने मुद्रित केल्या. त्या टेपा भाड्याच्या गोदामात राहिल्या, भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. घेणाऱ्यांकडून त्यांच्या प्रती रसिकांत पसरल्या.

१०/ त्या टेपांतच ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०११ च्या यादीत घेतली. अधिकृतपणे ती विक्रीला आली २०१७ मध्ये. म्हणजे जे मुद्रण राष्ट्रीय ठेवा ठरले, ते तोवर बाजारात आलेलेच नव्हते. त्याची कीर्ती फुकट प्रतींनीच पसरवली.

११/ तंटा काही दिवसांतच निवळला. श्रोत्यांमधून केलेली मुद्रणे पुन्हा डाउनलोडसाठी खुली झाली. बँडच्या यंत्रणेतून घेतलेली फक्त ऐकण्यापुरती राहिली. ही तडजोड मला न्याय्य वाटते. ज्याच्या पगारी माणसांनी मुद्रण केले, त्याने ते विकावे. ज्याने परवानगी घेऊन, स्वतःची यंत्रे वाहून ते केले, त्याला ते वाटू द्यावे. परवानगी मात्र हवीच. कलावंताने नकार दिला, तर तो शेवटचा.

१२/ त्या नकाराची किंमत महाराष्ट्रातला संगीतरसिक जाणतो. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादियाखाँ १९४६ मध्ये. दोघांचेही गायन आज ऐकायला मिळत नाही; उरल्या त्या ऐकणाऱ्यांनी लिहिलेल्या आठवणी. पुढच्या पिढ्यांतल्या कित्येक गायकांच्या खासगी बैठका मात्र कुणा रसिकाने कोपऱ्यात टेपरेकॉर्डर ठेवला म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या.

१३/ म्हणून शेवटी एक विनंती. घरातल्या माळ्यावर जुन्या मैफलींच्या कॅसेट असतील, तर त्यांवरची तारीख, स्थळ आणि साथीदारांची नावे आधी वहीत उतरवून घ्या. कलावंताला किंवा वारसांना विचारा. होकार आला, तर प्रत काढून दुसऱ्या कुणाला तरी द्या. एकाच कपाटातली टेप एका पावसाळ्यात जाऊ शकते.