शॉट ‘लागला’ की ‘घेतला’?

आमच्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा इंग्रजीत बरा. त्यामुळे घरात विजेचे बिल असो की औषधाची चिठ्ठी, वाचून दाखवायचे काम त्याच्याकडे. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकागोच्या खालाचा निरोप आला : ‘गॉट अ शॉट टुडे. आर्म हर्ट्स.’ नानींनी विचारले, काय लिहिलंय रे? मुलाने शब्दाला शब्द लावला आणि सांगितले, ‘‘खालाला आज गोळी लागली. हात दुखतोय.’’

अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या सगळ्यांनी ऐकलेल्या, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. नानी मुसल्ल्यावर बसल्या त्या उठेनात. तिकडे रात्र झालेली, खाला फोन उचलेना. संध्याकाळी तिचाच फोन आला, ‘‘अगं अम्मी, फ्लूचं इंजेक्शन घेतलं मी!’’ सगळे हसले. मामूंनी मात्र मुलाला चारचौघांत झापले. तेव्हापासून तो वर्गात इंग्रजी वाचायला उभा राहीना.

कारण कळले तेव्हा आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. ‘गॉट शॉट’ म्हणजे गोळी लागली आणि ‘गॉट अ शॉट’ म्हणजे सुई घेतली. मध्ये फरक एका ‘अ’चा, आणि तो ‘अ’ सोडून द्यायला मुलांना आम्हीच शिकवले होते. मराठीत असे अक्षर नाही, उर्दूतही नाही. म्हणून ‘भाषांतरात त्याला अर्थ नसतो, पुढे चला’ असे आम्ही किती वर्षे सांगत आलो आहोत. चूक मुलाची कमी, आमची जास्त.

दुसऱ्या दिवशी तासभर हाच शब्द घेतला. ‘शूट’ हे क्रियापद फार जुने. बंदूक येण्याच्या कितीतरी आधी ते बाण सोडण्यासाठी वापरत. ‘शॉट’ हे त्याचे भूतकाळी रूप, आणि तेच स्वतंत्र नामही. नाम एकटे असले की आधी बहुधा ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ येतो, आणि मग बंदुकीशी असलेले नाते सैल होते. फलंदाजाचा शॉट, कॅमेऱ्याचा शॉट. गोळाफेकीत तर फेकायचा गोळाच ‘शॉट’; पुरुषांचा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा.

‘शॉट इन द डार्क’ मुलांना लगेच कळला, कारण ‘अंधेरे में तीर’ घरात रोजचा. ‘लगा तो तीर, नहीं तो तुक्का’ यातला तुक्का म्हणजे बिनटोकाचा बाण, हे ऐकून वर्ग खूश झाला. (परीक्षेत आपण नक्की काय मारतो ते त्यांना त्या दिवशी कळले!) ‘लाँग शॉट’ म्हणजे लांबचा नेम, लागण्याची आशा थोडी. ‘शॉट इन द आर्म’ बजेटच्या दिवसांत वर्तमानपत्रात हमखास दिसतो : मरगळलेल्या धंद्याला मिळालेली उभारी. तीही सुईच. ‘कॉल द शॉट्स’ म्हणजे ज्याचा शब्द चालतो तो, असे सांगताच एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, आमच्याकडे दादी.’’

आमचा आवडता ‘पार्थियन शॉट’. जुन्या इराणचे पार्थियन घोडेस्वार माघार घेता घेता मागे वळून बाण सोडत. इ. स. पूर्व ५३ मध्ये कॅऱ्हे येथे त्यांनी रोमच्या क्रॅससच्या फौजेचा धुव्वा उडवला. भांडण संपवून दारातून बाहेर पडताना जो शेवटचा टोमणा मारला जातो, त्याला इंग्रजीत ‘पार्टिंग शॉट’ म्हणतात. त्याचा नमुना मुलांनी मागितला नाही. सगळ्यांच्या घरात तो होता.

शेवटी फळ्यावर लिहिले : ‘डोन्ट शूट द मेसेंजर.’ निरोप आणणाऱ्यावर राग काढू नका. त्या मुलाला सांगितले, हे वहीत उतरवून घे आणि खाली मामूंची सही घेऊन ये. सही आली.

गेल्या आठवड्यात खालाचा पुन्हा निरोप आला : ‘आय हॅव अ शॉट ॲट द जॉब.’ घरचे सगळे मुलाकडे बघू लागले. तो म्हणाला, ‘‘थांबा, यात ‘अ’ आहे.’’ मग पुढचे दोन शब्द पुन्हा वाचून सांगितले, ‘‘खालाला ती नोकरी मिळायची संधी आहे.’’

नानींनी तरी विचारून घेतलेच, ‘‘हात दुखत नाही ना तिचा?’’