फेडण्याची घाई

3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा टाळेबंदीने तेथील बाजारपेठा आधीच निपचित पडल्या होत्या. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांत काही तासांत कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या जुन्या वाड्या भुईसपाट झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. हे नुकसान केवळ बागायतदाराचे, असे शहरात वाटते. वाडीबरोबर उधारीही बुडते, हे पेठेतील किराणा दुकानदारच जाणतो.

अशाच एका जैन दुकानदाराच्या घरचे पत्रे त्या दुपारी उडाले. गोदामातील साखर विरघळली, भिजलेल्या कडधान्याला दोन दिवसांत मोड आले. मुंबईच्या आप्तांना काहीच कळेना, कारण फोन बंद होते. आणि कळते तरी जिल्हा ओलांडण्यास परवाना हवा होता. आठवड्याने मेहुण्यांनी परवाना मिळवून ताडपत्र्या, पत्रे व शिधा भरलेला टेम्पो धाडला. समाजात त्याची अनुमोदना झाली, ती यथार्थच होती.

परंतु टेम्पो येईपर्यंतच्या रात्री ते कुटुंब होते कोठे? शेजारच्या कोकणी मुस्लिम घराला स्लॅब होता. संसर्गाच्या भयाने सख्खी माणसेही दाराबाहेरून बोलत असतानाच्या त्या काळात शेजाऱ्यांनी सहा जणांना आत घेतले. गृहिणीने नवे पातेले काढून पाणी उकळून ठेवले. कांदा-लसूण टाळून केलेले जेवण सूर्यास्तापूर्वी पुढे येई. कोणाला काही सांगावे लागले नाही. (वीज नसल्याने पुढे कित्येक आठवडे साऱ्या गावालाच उजेडात जेवणे भाग पडले, हा भाग निराळा.)

दुकान मार्गी लागताच घरच्या कर्त्या पुरुषाने शेजारी सुक्या मेव्याचा डबा नेला व सोबत एक जाड पाकीट ठेवले. डबा राहिला, पाकीट संध्याकाळी परत आले. शेजारीण आजींना एवढेच म्हणाली, “बा, तुम्ही आमच्याकडे भाड्यानं राहिलात काय?” त्यानंतर काही दिवस कुंपणावरचे बोलणे तुटले.

कर्त्याचा हेतू वाईट नव्हता. पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा यांतून देण्याचा अभ्यास व्यापारी घरांना पिढ्यांचा आहे. घेण्याचा मात्र नाही. घेतलेले अंगावर राहिले की मान खाली जाते असे वाटते, म्हणून ते तातडीने चुकते करण्याची धडपड होते. मेहुण्यांच्या टेम्पोची रक्कम त्यांना पाठवावी, असे मात्र त्या घरात कोणाच्या मनातही आले नव्हते. आप्ताचे घेतलेले अंगावर राहू शकते आणि शेजाऱ्याचे राहू शकत नाही, हा भेद आजींना खटकला.

त्या वर्षी 22 ऑगस्टला संवत्सरी होती. आजींनी सर्व नातलगांना फोनवरून क्षमापना केली. नंतर काठी टेकत त्या शेजारी गेल्या आणि पाकिटाबद्दल ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाल्या. त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागला. मग दोघीही बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या.

दिवाळीच्या पाडव्याला राज्यातील मंदिरे पुन्हा उघडली आणि सारे कुटुंब दर्शनासाठी मुंबईस निघाले. निघताना आजींनी घराची व दुकानाची किल्ली शेजारणीच्या हाती दिली.