दचकलात कुठे, तेवढे सांगा



गेल्या महिन्यात आम्ही भूत पाहिले, आणि तेही बुद्धविहारात! सातारा-सांगलीकडची आपल्याच समाजातील पाच कॉलेजची मुले-मुली एक भयपट करीत आहेत. भांडवल काय, तर एक मोबाइल आणि एक उसना माईक. त्याचा ट्रेलर, म्हणजे दोन-अडीच मिनिटांची झलक, त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर सांगलीजवळच्या एका वस्तीत पांढऱ्या चादरीवर दाखवली. समोर तीसेक माणसे. गवंडी, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी आणि पुढे पोरेटोरे.

आपली माणसे कौतुक करणारच. "लई भारी!" म्हणून टाळ्या पडल्या. पण त्या टाळ्यांना पोरे भुलली नाहीत, याचे आम्हांला अप्रूप वाटले. एक मुलगी चादरीकडे पाठ करून लोकांचे चेहरे पाहत बसली होती. कोण कुठे दचकले, कोणी कुठे जांभई दिली, हे ती सेकंदासह वहीत टिपत होती. नंतर "आवडले का?" असे त्यांनी विचारलेच नाही. कुठे दचकलात आणि गोष्ट काय असेल असे वाटले, एवढेच विचारले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे ऐकून उतरून घेतले. समोरचा बोलत असताना मध्ये खुलासा करायचा नाही, असा त्यांचा नियम होता. (आमच्या काही वक्त्यांनीही तो उचलावा.)

उत्तरे रोखठोक आली. भूत विसाव्या सेकंदालाच दिसले, मग पुढे भ्यायचे कशाला? संगीत पहिल्यापासून ढणढणत होते, त्यामुळे दारावरची थाप कोणाला ऐकूच आली नाही. एखाद्याने सांगितले तर ती त्याची आवड, पण नऊ जण एकाच जागी अडखळले तर तो आपला दोष, असा हिशेब मुलांनी मांडला. मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. १९७५ साली 'जॉज' प्रदर्शित होण्यापूर्वी स्टीव्हन स्पीलबर्ग याने तो प्रेक्षकांना दाखवला. त्यांच्या किंकाळ्या ऐकून त्याला आणखी एक किंकाळी हवीशी वाटली, आणि बुडालेल्या होडीतून मुंडके बाहेर येते तो प्रसंग त्याने संकलन करणाऱ्या बाईंच्या घरच्या पोहण्याच्या तलावात चित्रित केला.

खरी खडाजंगी झाली ती झाडावरून. भूत पिंपळावर बसवले होते. एक वयस्क उपासक उठून म्हणाले, "ज्या झाडाखाली तथागतांना बोधी मिळाली, त्याच्यावर तुम्ही मुंजा बसवता?" कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "गावात लोक तसंच मानतात, काका." त्याचेही खोटे नव्हते. चिंच घ्यावी अशी सूचना आली. चिंचेला कोणी वाली नाही हेच खरे!

तेवढ्यात मागून एक आजी बोलल्या. ट्रेलरमध्ये पांढरे केस मोकळे सोडलेली, अंगाला राख फासलेली म्हातारी होती. आजी म्हणाल्या, "माझ्या चुलतसासूला गावानं चेटकीण म्हणून दारातनं वढून काढलं हुतं. तिचं बी क्यास असंच पांढरं हुतं. लेकरांनू, भूत दावा, पर म्हातारी नगं." विहारात कोणी काही बोलले नाही. वहीवाली मुलगीही लिहायची थांबली.

ही हकिगत ज्या भागातली, तिथेच साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी दवाखाना चालवला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन एखाद्याला छळणे आता गुन्हा आहे. मुलांना हे पाठ होते, परीक्षेत लिहिलेही असेल. पण आपल्या कॅमेऱ्याने तोच आळ घेतला आहे, हे त्यांना आजींनी दाखवले.

मग मुलांनी पिंपळ काढला, चिंचही काढली, आणि शेवटी भूतही काढले! आता ट्रेलर दीड मिनिटाचा आहे. घरात एक म्हातारी चुलीपुढे बसली आहे. संगीत नाही. बाहेर पावले वाजतात, दाराच्या फटीतून मशालींचा उजेड आत येतो आणि कडी हलू लागते. बस्स, इतकेच. म्हातारीचे काम त्याच आजींनी केले आहे. केस त्यांचे स्वतःचेच.

पुढच्या रविवारी साताऱ्यात एका वसतिगृहात हा नवा ट्रेलर दाखवला, तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. कडी हलली तशी पुढच्या रांगेतली पोरे एकमेकांना बिलगली. टाळ्या पडल्या नाहीत. एका मुलाने विचारले, "पुढं काय होतं?" वहीवाल्या मुलीने ते लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुरा चित्रपट वर्षावास संपल्यावर काढायचा आहे. शेवटी त्या म्हातारीला वाचवायला कोणी येते की नाही, असे आजी रोज विचारतात. मुलांचे अजून ठरलेले नाही.