लॉस एंजेलिसची लांब उडी

महिलांची हेप्टॅथलॉन, म्हणजे दोन दिवसांत सात क्रीडाप्रकारांत एकाच खेळाडूचा कस पाहणारी स्पर्धा, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रथमच घेण्यात आली आणि तिच्यात अमेरिकेच्या जॅकी जॉयनर (विवाहानंतर जॉयनर-कर्सी) यांचे सुवर्णपदक अवघ्या पाच गुणांनी हुकले. ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन यांचे ६३९० गुण झाले, जॉयनर यांचे ६३८५. अखेरच्या ८०० मीटर शर्यतीत त्या ०.३३ सेकंद अधिक वेगाने धावल्या असत्या तर निकाल फिरला असता, म्हणून या पराभवाचा दोष आजवर त्या शर्यतीच्या माथी मारला जातो. तो निवाडा उतावळा आहे.

हेप्टॅथलॉनमध्ये प्रत्येक प्रकारातील वेळ किंवा अंतर ठरावीक कोष्टकानुसार गुणांत मांडले जाते आणि बेरजेवर क्रमांक ठरतो, त्यामुळे शेवटच्या शर्यतीत गेलेला गुण आणि आदल्या दिवशी गोळाफेकीत गेलेला गुण यांचे मोल सारखेच असते. जॉयनर यांचे खरे नुकसान लांब उडीत झाले होते, जो त्यांचा हुकमी प्रकार. स्वतंत्र लांब उडीत अंतिम टप्पा गाठणाऱ्यांना सहा प्रयत्न मिळतात, हेप्टॅथलॉनमध्ये तीनच. पहिल्या दोन उड्या बाद ठरल्यावर तिसरी त्यांनी फळीच्या बरीच अलीकडून, सावधपणे घेतली आणि ती ६.११ मीटर भरली, तर नन यांची उडी ६.६६ मीटर होती. त्याच ऑलिम्पिकच्या स्वतंत्र लांब उडीत जॉयनर यांनी ६.७७ मीटर अंतर गाठले, यावरून तिथे काय गमावले गेले याचा अंदाज येतो. दमा जडलेल्या खेळाडूला ८०० मीटर धावणे जड जाते हे समजण्यासारखे आहे; आपल्या बळावरचाच विश्वास डळमळणे अधिक जिव्हारी लागणारे असते.

१९८८ च्या सोलमध्ये त्यांनी ७२९१ गुणांचा जो जागतिक विक्रम केला आणि जो आजही अबाधित आहे, तो या दृष्टीने वाचायला हवा. ८०० मीटरची वेळ लॉस एंजेलिसपेक्षा साडेचार सेकंदांनी सुधारून २ मिनिटे ८.५१ सेकंदांवर आली, १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील १२.६९ सेकंदांना ११७२ गुण मिळाले आणि भालाफेकीतील ७७६ गुण एवढीच काय ती उणी बाजू राहिली. परंतु सर्वाधिक, म्हणजे १२६४ गुण ७.२७ मीटरच्या लांब उडीने दिले. तोवरच्या कोणत्याही ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र लांब उडीच्या विजेतीलाही इतके अंतर गाठता आले नव्हते, आणि इथे ते सातांपैकी एका प्रकारात, मोजक्या तीन प्रयत्नांत साधले होते. काही दिवसांनी स्वतंत्र लांब उडीचे सुवर्णपदकही त्यांनी ७.४० मीटरसह मिळवले.

१९९२ मध्ये बार्सिलोनात त्यांनी ७०४४ गुणांसह हेप्टॅथलॉनचे विजेतेपद राखले. १९९६ च्या अटलांटात मात्र मांडीच्या मागचा स्नायू दुखावल्याने पहिल्याच अडथळा शर्यतीनंतर त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर वयाच्या ३४ व्या वर्षी, पट्टी बांधलेल्या मांडीने, त्या लांब उडीत उतरल्या आणि पाच प्रयत्नांपर्यंत पदकाबाहेर होत्या. सहाव्या आणि अखेरच्या प्रयत्नात त्यांनी ७.०० मीटर उडी घेतली; ग्रीसच्या निकी झान्थू तीन सेंटिमीटरांनी मागे पडल्या आणि कांस्यपदक जॉयनर-कर्सी यांना मिळाले.