पाहुणचार की प्रदर्शन?

वऱ्हाडी माणूस पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही, असे आम्ही अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान खोटा नाही. बडनेऱ्याला अपरात्री गाडीतून उतरलेल्या नातलगासाठी अमरावतीच्या घरात चूल पेटते. अकोल्याच्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी पाणी मिळते, मगच त्याचे काम विचारले जाते. या संस्काराविरुद्ध आम्हांला काहीही म्हणायचे नाही. आमचे भांडण आहे ते या संस्काराचा झगा पांघरून आमच्या ख्रिस्ती घरांत शिरलेल्या दुसऱ्याच एका गोष्टीशी. तिचे नाव प्रदर्शन.

दोहोंतील फरक ओळखणे अवघड नाही. पाहुणचारात यजमानाचे डोळे पाहुण्याच्या गरजेकडे असतात. प्रदर्शनात ते स्वतःच्या इभ्रतीकडे असतात. पाहुणचाराने घर मोठे होते. प्रदर्शनाने घरातल्या माणसांपैकी कोणीतरी लहान होते. बहुतेक घरांत हे लहान होणे दोघांच्याच वाट्याला येते: गृहिणीच्या आणि मुलांच्या.

प्रथम गृहिणीचे पाहू. रविवारी मिस्सा आटोपून चार मंडळी घरी येतात. बैठकीत गप्पा रंगतात आणि चौघांचा स्वयंपाक दहा जणांचा होतो. पाटवडीचा रस्सा, भाकरी, ठेचा, शिवाय बाहेरून आलेल्यांसाठी काहीतरी ‘स्पेशल’. यजमान मोठ्या मनाने म्हणतात, “अहो, जेवूनच जा! घरात बाई आहेच की.” हे औदार्य कोणाच्या खात्यातून खर्च झाले, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारत नाही. पुरुषांची पंगत उठते, मग मुले जेवतात, आणि उरलेसुरले घेऊन गृहिणी ओट्यापाशी बसते. केंद्र शासनाच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणात असे आढळले, की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष मुळात थोडे, आणि ते देतात ९७ मिनिटे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. या दुखण्याची कारणे अनेक आहेत हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरात अन्न शिजवणारीनेच शेवटी आणि कमी जेवायचे असते, त्या घराला या आकड्यापुढे निर्दोष म्हणून उभे राहता येणार नाही.

यावर कोणी मार्था आणि मरिया यांचा दाखला देतात. मार्थेने उगाच धावपळ केली, तिने मरियेसारखे प्रभूच्या चरणी बसायला हवे होते, असे आमच्या भगिनींना ऐकवले जाते. ऐकवणारे पुरुष मात्र त्याच वेळी चहाची वाट पाहत असतात! मार्था बसली असती, तर त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला असता? योहानाच्या शुभवर्तमानावरून या बहिणींना लाजर नावाचा भाऊ होता हे आपल्याला ठाऊक आहे. लूकच्या प्रसंगात त्याचे नावही येत नाही. मार्थेला बसवायचे असेल तर लाजराला उठावे लागेल, हा त्या कथेचा आमच्या घरांसाठी अर्थ आहे. मम्रेच्या झाडांखाली तीन वाटसरू आले तेव्हा वृद्ध अब्राहाम स्वतः गुरांकडे धावत गेला आणि ते जेवत असताना त्यांच्याजवळ उभा राहिला. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर विस्तव पेटवून दमलेल्या शिष्यांसाठी मासे आणि भाकर तयार ठेवली. ज्या प्रभूला स्वयंपाकाची लाज वाटली नाही, त्याच्या अनुयायांना ताट उचलण्याची लाज का वाटावी?

आता मुलांकडे वळू. पाहुणे आले की आमच्या घरांत मुलांचे दोनच उपयोग उरतात. एक तर त्यांना आत पिटाळायचे, नाहीतर बाहेर बोलावून नाचवायचे. “अंकलना इंग्लिश पोएम म्हणून दाखव”, “किती टक्के पडले ते सांग”. मग शेजारच्या मुलाचे टक्के निघतात आणि आपल्या मुलाचा आळस चारचौघांत चघळला जातो. मूल मान खाली घालून उभे असते. मुलगी असेल तर तिच्या हाती पाण्याचा ट्रे दिला जातो. मुलगा असेल तर तो पाय पसरून मोबाइल पाहत बसला तरी चालते. अशा मुलाला पाहुणा म्हणजे परीक्षक वाटू लागला, तर दोष कोणाचा?

“लहान मुलांना काय कळते?” असे म्हणणारे पालक आपल्यात उदंड आहेत. आमचे म्हणणे असे, की मुलांना सर्व कळते. पाहुण्यांपुढे आईबाबांचा आवाज मऊ होतो आणि दार लागताच तो पूर्ववत होतो, हे त्यांना कळते. चांगल्या कपबशा कोणासाठी निघतात आणि कान तुटलेला कप कोणाच्या हाती जातो, हे त्यांना कळते. ज्यांना आत्ताच आग्रहाने वाढले त्यांचीच पाठ फिरल्यावर निंदा सुरू होते, हेही ती ऐकतात. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या बोधपत्रात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण पुढे नेत, घराला सामाजिक सद्‌गुणांची पहिली शाळा मानले. शाळा आहे हे खरे. पण तिथे रोज ढोंगाचा तास होत असेल, तर रविवारच्या धर्मशिक्षणाच्या एका तासाने तो पुसला जाणार नाही.

प्रदर्शनाचे तिसरे रूप सर्वांत महागडे आहे. स्नानसंस्कार आणि प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार हे बालकाच्या जीवनातील कृपेचे दिवस. आज त्या दिवशी लॉन भाड्याने घेतला जातो, डीजे लागतो, आणि ज्या बालकासाठी हे सारे, ते कोपऱ्यात पेंगत असताना मोठ्यांचे पेले भरले जातात. पैसा येतो कुठून? पगारातून आला तर ठीक. पुष्कळदा तो पतसंस्थेतून, सोनाराकडून, नाहीतर मुलाच्याच शिक्षणाच्या ठेवीतून येतो. हा प्रदेश कोणता आहे याचे तरी भान ठेवावे. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला होते. कर्ज म्हणजे काय हे ज्या मातीने असे पाहिले, तिथे हौसेखातर ऋण काढून सण करणे हा केवळ अविचार नव्हे. शेजाऱ्याच्या दुःखाची ती थट्टा आहे. शिवाय एकाने लॉन घेतला की दुसऱ्याला मागे राहणे जड जाते, आणि ज्याला ते मुळीच झेपत नाही तो मुलाचा संस्कारच ‘पुढच्या वर्षी’वर ढकलतो.

आमच्या या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा, की आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना गावच्या पंगतीत स्थान नव्हते. त्यांच्या हातचे पाणीही चालत नव्हते. त्यांच्या नातवंडांनी आज चारशे माणसे जेवू घातली, तर त्यात स्वाभिमान आहे. त्याला उधळपट्टी म्हणणारे तुम्ही कोण? या आक्षेपामागील वेदना आम्ही मान्य करतो. परंतु ज्या गोष्टीसाठी ते पूर्वज आसुसले होते ती गोष्ट पक्वान्नांची संख्या नव्हती. एकाच ओळीत, एकाच अन्नाला, बरोबरीने बसणे ही होती. आजच्या समारंभात बड्या पाहुण्यांसाठी सोफे वेगळे, टेबल वेगळे आणि धर्मग्रामातील गरीब कुटुंबे शेवटच्या फळीत असतील, तर तो जुनाच गावगाडा आम्ही आमच्या मांडवात परत आणला, असे म्हणावे लागेल.

या बाबतीत आम्हांला दूरचा गुरू शोधण्याची गरज नाही. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परीट कुटुंबात गाडगेबाबा जन्मले. मुलीच्या बारशाला मांस-मद्याचे जेवण द्यायची जातीतली रीत त्यांनी मोडली आणि गोडाचे जेवण दिले. जातभाईंच्या नाराजीपुढे ते वाकले नाहीत. देवाधर्माच्या नावाने कर्ज काढू नका, भांडी विकावी लागली तरी मुलांना शिकवा, हे ते गावोगावच्या कीर्तनांतून सांगत राहिले. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांना टेकायला जागा नव्हती, तिथे त्यांनी ती करून दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांच्या नावावर स्वतःचे म्हणून घर नव्हते. पण हजारो बेघरांचे ते यजमान होते.

त्यांच्या उदाहरणाने आमच्या वादाचा मूळ प्रश्न पुढे येतो: पाहुणा कोण? प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात मेजवानीची यादी बदलायला सांगितली आहे. परतफेड करू शकणाऱ्या मित्रांना आणि धनवान शेजाऱ्यांना नको, परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा, असा तिचा आशय आहे. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात आणि डफरीनमध्ये धारणी-चिखलदऱ्याकडून आलेल्या रुग्णांचे नातलग आवारात पथारी टाकून रात्र काढतात. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाबाहेरही तेच दृश्य असते. आमच्या घरांपासून ही ठिकाणे फार दूर नाहीत. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातील निरनिराळ्या ख्रिस्ती मिशनांनी अनाथ लेकरांना आसरा दिला. आपल्यातील काही घराण्यांची मुळे त्या आसऱ्यात आहेत. ज्यांचे आजे-पणजे परक्याच्या ताटातील घासावर जगले, त्यांनी परका माणूस पाहुणा नव्हे असे म्हणू नये.

म्हणून आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांना चार गोष्टी मागतो. पाहुणा आला तर घरात शिजले असेल तेच, सर्वांनी एकत्र बसून खावे. झुणका-भाकर असेल तर झुणका-भाकर. वाढणे आणि भांडी घासणे यांत घरच्या पुरुषांनी व मुलग्यांनी वाटा घ्यावा. मुलांना पाहुण्यांपुढे उभे न करता त्यांच्यामध्ये बसवावे आणि पाहुण्यासमोर त्यांचा पाणउतारा करू नये. सायंकाळची प्रार्थना पाहुण्यासाठी थांबवू नये, त्यालाच तीत सामील करावे. आणि संस्काराच्या जेवणासाठी एक रुपयाही कर्ज काढू नये. जे ठरवले असेल त्यातील एक हिस्सा बाजूला काढून त्या दिवशी रुग्णालयाच्या आवारात डबे पोचवावेत, आणि ते ज्या बालकाचा संस्कार झाला त्याच्या हातून पोचवावेत.

यासाठी समिती नको आणि निधीही नको. पुढच्या रविवारी पाहुण्यांची पंगत बसेल तेव्हा घरधन्याने एवढेच पाहावे, की आपल्या पत्नीचे ताट त्या पंगतीत मांडले आहे की नाही. नसेल, तर पंगत थांबवावी.